जुना फ्लॅट घेताना विसार देण्याआधी काय तपासावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर, वडगाव बुद्रुक परिसरात, २००८ साली बांधून झालेल्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट ८० लाख रुपयांना ठरतो आहे. मूळ करारनामा विक्रेत्याच्या आईवडिलांच्या नावाने आहे. वडील २०१९ साली वारले, आई हयात आहेत आणि व्यवहाराचे सगळे बोलणे मुलगा करतो आहे. सोसायटी नोंदलेली आहे, पण जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून देणे, बिल्डरकडून अजून झालेले नाही. एजंटाला आठ दिवसांत पाच लाखांचा विसार हवा आहे, आणि बँक कर्ज मंजूर करते आहे म्हणजे कागद स्वच्छच आहेत असे त्याचे म्हणणे आहे. अशा परिस्थितीत काय काय तपासावे, असे आपण विचारले आहे.

मी बावीस वर्षे पुण्यात मालकी हक्काच्या तपासणीचे काम करते आहे. एजंटाच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण माझ्याकडे उशिरा आलेल्या बहुतेक पक्षकारांनी त्याच वाक्यावर विश्वास ठेवलेला होता. बँक कागद पाहते ते आपल्या कर्जाच्या वसुलीपुरते. तिच्या पॅनेलवरचा वकील अहवाल देतो तो बँकेला देतो, आणि फ्लॅटच्या मालकीत पुढे काही बिघडले तरी कर्जाचा हप्ता आपल्या पगारातून जातच राहतो. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचे प्रकरण आपण वाचले असेल. कल्याण डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून त्या इमारतींची महारेरामध्ये (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) नोंदणी करून घेतली गेली होती, अनेक कुटुंबांनी बँकेची कर्जे काढून तिथे घरे घेतली होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. रेराचा क्रमांक होता, कर्जही मिळाले होते. मूळ परवानगी मात्र महापालिकेच्या दफ्तरात कुणी जाऊन पाहिली नव्हती. आपली इमारत २००८ सालची, म्हणजे रेरापूर्वीची असल्यामुळे महारेराच्या संकेतस्थळावर तिची नोंद सापडणार नाही. त्यात गैर काही नाही, पण त्यामुळे तपासणीचे ओझे पूर्णपणे आपल्यावर येते.

आपल्या व्यवहारात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती विक्रेत्याच्या घरातल्या माणसांची, इमारतीची त्यानंतर. करार आईवडिलांच्या दोघांच्या नावाने आहे, म्हणजे करारात वेगळे काही लिहिले नसेल तर सामान्यतः प्रत्येकाचा अर्धा हिस्सा धरला जातो. वडील मृत्युपत्र न करता वारले असतील, तर त्यांचा अर्धा हिस्सा हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गाच्या वारसांकडे जातो. पत्नी, मुलगे आणि मुली हे वारस सगळ्यांना ठाऊक असतात. मृताची आई हीसुद्धा पहिल्या वर्गाची वारस आहे, हे मात्र लोक हटकून विसरतात. समजा, विक्रेत्याला एक विवाहित बहीण आहे आणि २०१९ साली वडील गेले तेव्हा आजी हयात होती. तर वडिलांच्या अर्ध्या हिश्शाचे चार भाग होतात आणि आई, मुलगा, मुलगी व आजी यांना संपूर्ण फ्लॅटचा प्रत्येकी एक अष्टमांश मिळतो. आजी नंतर २०२१ मध्ये वारली असेल, तर तिचा अष्टमांश विरून जात नाही. तो तिच्या वारसांकडे, म्हणजे विक्रेत्याचे काका आणि आत्या यांच्याकडेही जातो. ज्या काकांनी या फ्लॅटचा उंबरठाही कधी ओलांडला नसेल, त्यांची सही आपल्या खरेदीखतावर लागू शकते. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो आजीचा. प्रश्न विचित्र वाटेल, पण तो चहा पिताना सहज विचारता येतो.

मुलगा कदाचित म्हणेल की सोसायटीत वडिलांनी माझेच नाव नॉमिनी म्हणून लावले होते आणि भाग दाखलाही (शेअर सर्टिफिकेट) आता माझ्या व आईच्या नावावर झाला आहे. याने मालकी सिद्ध होत नाही. नामनिर्देशन ही सोसायटीच्या सोयीची व्यवस्था आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तर कायद्यातच असे म्हटले आहे की कायदेशीर वारसांची नोंद होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सदस्य म्हणून घ्यावे. वारसांचा हक्क त्याने बुडत नाही. मृत्युपत्र असेल तर ते मुळातून पाहावे, साक्षीदार कोण आहेत ते पाहावे, आणि ज्या वारसाला त्यात काहीच मिळालेले नाही, त्याची संमती खरेदीखतात घ्यावी. मृत्युपत्र नसेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, सर्व वारसांनी खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणून सह्या करणे. दुसरा, बाकीच्या वारसांनी आई किंवा मुलाच्या नावे हक्कसोडपत्र करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवणे. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणलेले हक्कसोडपत्र स्थावर मिळकतीसाठी चालत नाही, आणि नेमके तेच मला सर्वांत जास्त वेळा दाखवले जाते. वारस नेमके कोण याबद्दल जराही शंका असेल, तर दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला आणायला सांगावा. त्याला काही महिने लागतात, आणि एवढे थांबण्याची विक्रेत्याची तयारी आहे की नाही यावरूनही बरेच काही कळते.

आई वयस्कर असल्या तरी सही त्यांचीच हवी. प्रकृतीमुळे कार्यालयात येणे शक्य नसेल, तर दुय्यम निबंधक अर्ज व शुल्क घेऊन घरी येऊन दस्त नोंदवतात. त्यासाठी मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र घेण्याची घाई करू नये. परदेशातल्या बहिणीचे कुलमुखत्यारपत्र येणार असेल, तर ते भारतीय वकिलातीतून साक्षांकित किंवा तिथल्या नोटरीकडून करून अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारकडून प्रमाणित) केलेले असावे आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेले असावे. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती सहीच्या दिवशी हयात असणे आवश्यक असते, कारण ते सामान्यतः तिच्या मृत्यूबरोबर संपते. त्या दिवशी सकाळी तिच्याशी दूरध्वनीवर, शक्य तर व्हिडिओवर, स्वतः बोलून घ्यावे. वारसांमध्ये कुणी अज्ञान (अठरा वर्षांखालील) असेल, उदाहरणार्थ आधी वारलेल्या भावाचे मूल, तर जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याचा हिस्सा विकता येत नाही. तसा विकलेला हिस्सा ते मूल सज्ञान झाल्यावर आव्हान देऊन परत मागू शकते.

आता इमारतीकडे वळू. बांधकाम परवानगीचे तीन कागद एकत्र पाहायचे असतात: मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटापत्र, म्हणजे इमारत राहण्यासाठी वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी. सोसायटीच्या कपाटात यांच्या झेरॉक्स असतात, पण त्यावर न थांबता महापालिकेच्या बांधकाम विकास विभागातून साक्षांकित प्रती घ्याव्यात. सरळ अर्जाने मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकारात मिळतात. भोगवटापत्र अंशतः असेल तर त्यात कोणते मजले आणि कोणत्या सदनिका आहेत ते ओळीओळीने वाचावे. सात मजली इमारतीला पाच मजल्यांचे भोगवटापत्र असणे ही पुण्यात दुर्मीळ गोष्ट नाही, आणि आपला फ्लॅट नेमका सहाव्या मजल्यावर असू शकतो. मुंबईत ताडदेवच्या एका ३४ मजली इमारतीतल्या वरच्या मजल्यांच्या रहिवाशांना भोगवटापत्र नसल्यामुळे २०२५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने घरे सोडावी लागली. ती माणसे तिथे वर्षानुवर्षे राहत होती, पण न्यायालयात त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

मंजूर नकाशाची प्रत हातात घेऊन प्रत्यक्ष फ्लॅटमध्ये जावे आणि मोजपट्टीने खोल्या मोजाव्यात. हे काम फारसे कुणी करत नाही, पण त्यातून निघणाऱ्या गोष्टी कोणत्याही सर्च रिपोर्टमध्ये येत नाहीत. बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली असते, टेरेसवर पत्रे टाकून तिसरी खोली केलेली असते, आणि एजंट त्याच खोलीचे पैसे मागत असतो. २००८ च्या करारनाम्यात क्षेत्रफळ बहुधा बिल्टअप किंवा ‘सेलेबल’ लिहिलेले असेल. ८० लाखांना त्या आकड्याने भागून निघणारा दर फसवा असतो. कार्पेट क्षेत्र, म्हणजे आतल्या भिंती धरून आणि बाहेरच्या भिंती, बाल्कनी व उघडी गच्ची वगळून राहणारी वापरायची जागा, स्वतः मोजून काढावे आणि त्यावर दर काढून परिसरातल्या इतर घरांशी तुलना करावी.

नकाशाबद्दल माझा एक अनुभव सांगते. माझ्या एका पक्षकाराने तिसऱ्या मजल्यावरचा ३०२ क्रमांकाचा फ्लॅट घेतला आणि चौदा वर्षे त्यात संसार केला. विकायला काढल्यावर लक्षात आले की मंजूर नकाशात ३०२ हा जिन्याच्या डावीकडचा फ्लॅट आहे आणि ते राहतात तो ३०१ आहे. बिल्डरने दारावरच्या पाट्या लावताना क्रम उलटा केला होता आणि मजल्यावरच्या दोन्ही कुटुंबांनी कागदोपत्री एकमेकांची घरे घेतली होती. चूक दुरुस्ती लेखाने ती सुधारता आली, पण समोरच्या कुटुंबाच्या घरावर कर्ज होते, त्यांच्या बँकेची संमती यायला सात महिने गेले आणि तोवर माझ्या पक्षकाराचा ग्राहक निघून गेला. म्हणून दारावरचा क्रमांक, करारनाम्यातला क्रमांक, करारनाम्यातल्या चतुःसीमा, नकाशातला क्रमांक, वीजबिल आणि मिळकतकराचे बिल हे सगळे एकमेकांशी जुळवून पाहावे. कराच्या बिलाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी: महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, उलट शास्ती (दंड) धरून जास्तच लावते, त्यामुळे कर भरल्याची पावती हा बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे. बिलात शास्तीची नोंद दिसली, तर मात्र ती उघड धोक्याची खूण समजावी.

जमिनीचा प्रश्न जुन्या शहरापेक्षा सिंहगड रस्त्यासारख्या, कालपरवापर्यंत शेती असलेल्या भागात जास्त गुंतागुंतीचा असतो. तीस वर्षांचे सातबारा उतारे, त्यांवरचे फेरफार आणि सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका, असा संच वकिलाकडून वाचून घ्यावा. तीस वर्षे हा आकडा रिवाजाने आलेला नाही. गहाण सोडवून घेण्याचा दावा मुदत कायद्याप्रमाणे तीस वर्षांपर्यंत लावता येतो, म्हणून शोध तितका मागे न्यायचा. उताऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे ते शब्दशः पाहावे. ‘कूळ कायदा कलम ४३ ला पात्र’, ‘भोगवटादार वर्ग २’, वतनाची नोंद किंवा नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालचा शेरा दिसला, तर ती जमीन विकताना किंवा विकसित करताना सरकारची परवानगी घेतली होती का आणि नजराणा (त्या परवानगीसाठी सरकारला द्यायची रक्कम) भरला होता का, याचे कागद मागावेत. कमाल धारणा कायदा महाराष्ट्रात २९ नोव्हेंबर २००७ पासून रद्द झाला असला, तरी त्याच्या कलम २० खाली सवलत मिळालेल्या योजनांवरच्या अटी त्याबरोबर आपोआप संपल्या नाहीत. त्यानंतर मूळ शेतकरी कुटुंबाने बिल्डरला दिलेला विकसन करारनामा पाहावा आणि त्यावर त्या कुटुंबातल्या सर्व हिस्सेदारांच्या, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या, सह्या आहेत का ते पाहावे. त्या राहिल्या असतील तर कुठल्या ना कुठल्या न्यायालयात वाटपाचा दावा चालू असण्याची शक्यता असते, आणि सोसायटीच्या सचिवाला तो बहुधा ठाऊक असतो.

जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले नाही म्हणून हा फ्लॅट घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. मोफा, म्हणजे १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, आणि त्याचे नियम यांप्रमाणे सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यायला हवी. प्रत्यक्षात पुण्यातल्या असंख्य सोसायट्या वर्षानुवर्षे वाट पाहत बसलेल्या आहेत. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. आपण पाहायचे ते असे, की तो अर्ज केला आहे का, आणि केला नसेल तर का नाही. शेजारच्या मोकळ्या जागेवर बिल्डरला दुसरी इमारत उभारायची आहे, किंवा शिल्लक चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे बांधकामाची मर्यादा) त्याने स्वतःसाठी राखून ठेवले आहे, हे त्यामागचे नेहमीचे कारण असते. पुढे पुनर्विकासाची वेळ आली की जमीन सोसायटीच्या नावावर असणे किंवा नसणे याने प्रत्येक सभासदाच्या पदरात काय पडते ते ठरते. भावाची घासाघीस करताना ही बाब जरूर मांडावी. आणखी एक खास पुणेरी गुंतागुंत अशी, की इथल्या बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असतात. तिथे भाग दाखला नसतो. घोषणापत्र आणि प्रत्येकाचे डीड ऑफ अपार्टमेंट असते, आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांमध्ये लिहिलेला असतो. आपल्याकडे सोसायटी आहे असे विक्रेता म्हणतो, पण नोंदणी प्रमाणपत्र पाहूनच ते मान्य करावे, कारण बोलीभाषेत दोन्हींना सोसायटीच म्हणतात.

बोजाची, म्हणजे मिळकतीवरच्या कर्जाची किंवा गहाणाची, तपासणी दोन ठिकाणी करावी. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक दोनच्या नोंदींमध्ये आधीचे दस्त आणि बँकांनी नोंदवलेल्या गहाणाच्या सूचना दिसतात; केंद्र सरकारच्या सरसाई या नोंदवहीत थोडे शुल्क भरून कुणालाही त्या मिळकतीवरच्या कर्जाचा शोध घेता येतो. मात्र या दोन्हींपेक्षा भक्कम पुरावा म्हणजे २००८ चा नोंदणीकृत मूळ करारनामा व नोंदणीची मूळ पावती विक्रेत्याच्या हातात असणे. ‘मूळ कागद गावाला आहेत’ हे उत्तर मी कधीच स्वीकारत नाही. कर्ज चालू असेल तर त्यात लपवण्यासारखे काही नाही; विक्रेत्याच्या बँकेकडून शिल्लक रकमेचे पत्र आणि तिच्याकडे असलेल्या कागदांची यादी लेखी घ्यावी, आणि आपल्या बँकेने ती रक्कम थेट त्याच कर्जखात्यात भरावी. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करणे आणि उशीर झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाई देणे हे १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. कागद खरोखर हरवले असतील तर पोलिसांकडची नोंद, वृत्तपत्रातली जाहीर नोटीस, दस्ताची साक्षांकित प्रत आणि विक्रेत्याचे नुकसानभरपाईचे हमीपत्र, इतके सगळे घ्यावे.

या भागापुरती एक तपासणी मी वकिलीच्या बाहेरची असली तरी सांगते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने आणि रात्रभराच्या पावसाने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले व वाहनतळ बुडाले होते. इमारत मुठेच्या निळ्या किंवा लाल पूररेषेच्या आत येते का, हे विकास आराखड्याच्या नकाशावर पाहून घ्यावे. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर बंदी आणि पुनर्विकासावर अटी असल्यामुळे हा प्रश्न पावसाळ्यातल्या चार दिवसांचा न राहता मिळकतीच्या किमतीचाही होतो. फ्लॅट चौथ्या मजल्यावर असला तरी मोटार, वीजमीटर आणि लिफ्टची यंत्रणा खालीच असते. इमारतीच्या सुरक्षारक्षकाला त्या दिवशी पाणी कुठवर आले होते ते विचारा; तो भिंतीवर हात लावून दाखवतो.

सोसायटीच्या कार्यालयात शेवटच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि वार्षिक सभांची इतिवृत्ते मागावीत. टँकरवर वर्षाला किती खर्च होतो हे जमाखर्चात दिसते, त्यासाठी नळ सोडून पाहण्याची गरज नाही. इमारत पंधरा वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे आदर्श उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी संरचनात्मक परीक्षण व्हायला हवे. ते झाले असेल तर अहवाल वाचावा, आणि झाले नसेल तर येत्या काही वर्षांत मोठ्या दुरुस्तीची वर्गणी आपल्याला भरावी लागेल असे गृहीत धरावे. इतिवृत्तांत ओल, गळती, प्लंबिंग हे शब्द दरवर्षी येत असतील तर मजला आणि फ्लॅट क्रमांक टिपून ठेवावेत. विक्रेत्याची थकबाकी नसल्याचा दाखला लेखी घ्यावा, कारण नवीन सभासदाला जुन्या थकबाकीचा त्रास होतोच. हस्तांतरण शुल्क महापालिका हद्दीत २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असे शासनाचे ९ ऑगस्ट २००१ चे परिपत्रक आहे. ‘ऐच्छिक देणगी’ या नावाने लाखभर रुपये मागणाऱ्या समित्या मी पाहिल्या आहेत. देणगी ऐच्छिक असेल तर न देण्याची इच्छाही तितकीच चालायला हवी.

पार्किंगबद्दल खात्री करूनच पुढे जावे. २००८ च्या करारनाम्यात बिल्डरने स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा वेगळे पैसे घेऊन विकल्याचा उल्लेख असू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पांचाली सोसायटीच्या निकालात मोफाखाली बिल्डरला स्टिल्ट पार्किंग स्वतंत्रपणे विकण्याचा अधिकार नाही असे स्पष्ट केले आहे. म्हणून सोसायटीच्या वाहनतळ नोंदवहीत ही जागा या फ्लॅटला वाटप झाली आहे का, आणि हस्तांतरणानंतर ती आपोआप पुढे चालू राहते की नव्याने अर्ज करावा लागतो, हे लेखी विचारावे.

पैशांचा हिशेब आता मांडते. पुणे महापालिका हद्दीत सध्या मुद्रांक शुल्क अधिभार धरून ७ टक्के आहे. खरेदीदार फक्त महिला असेल किंवा असतील तर १ टक्का सवलत मिळते. ८० लाखांवर ते ५ लाख ६० हजार किंवा ४ लाख ८० हजार होते, आणि नोंदणी शुल्क ३०,००० रुपये. शुल्क मोबदला आणि रेडी रेकनरचे (सरकारी दरपत्रकाचे) मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते, त्यामुळे रेडी रेकनरचा आकडा आधीच काढून ठेवावा. मोबदला त्याच्या फार खाली गेला तर आयकरातही दोन्ही पक्षांना प्रश्न येतात. मोबदला ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्यामुळे १ टक्का टीडीएस आपण कापून, ज्या महिन्यात कापला त्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत भरायचा आहे. विक्रेते अनेक असतील तर प्रत्येकाच्या पॅन क्रमांकावर वेगळा भरावा. परदेशी राहणारी बहीण लिहून देणार असेल तर तिच्या हिश्शाला हा १ टक्क्याचा नियम लागत नाही. अनिवासी विक्रेत्याचा टीडीएस बऱ्याच जास्त दराने कापावा लागतो आणि तो न कापल्याची जबाबदारी खरेदीदारावर येते. हे आधी कळले नाही म्हणून काही लाखांचा भुर्दंड बसलेले लोक माझ्याकडे आले आहेत. थोडी रक्कम रोख देण्याची सूचना आली तर नाही म्हणावे: मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेतल्यास तितकाच दंड विक्रेत्याला होऊ शकतो, आणि व्यवहार मोडला तर ती रक्कम दिल्याचा पुरावा आपल्याकडे नसतो.

आता आठ दिवसांत पाच लाखांच्या मागणीकडे येते. विसार दिल्यानंतर कागद मागणारा माणूस याचक होतो; विसार देण्याआधी तोच माणूस ग्राहक असतो. म्हणून माझा सल्ला असा, की पाच लाख देऊ नयेत. विक्रेत्याचे मन राहावे म्हणून पन्नास हजार रुपये धनादेशाने, तेही आईंच्या नावे, द्यावेत आणि विसारपावतीवर आई व मुलगा दोघांच्या सह्या घ्याव्यात. त्या पावतीत तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात: मालकी हक्क निर्वेध व विक्रीयोग्य असल्याचा आपल्या वकिलाचा अहवाल न आल्यास रक्कम पंधरा दिवसांत बिनव्याजी परत मिळेल, बँकेने कर्ज नाकारल्यासही तसेच होईल, आणि तीस दिवसांपर्यंत विक्रेता हा फ्लॅट दुसऱ्या कुणाला दाखवणार अथवा विकणार नाही. त्या तीस दिवसांत दोन वृत्तपत्रांत जाहीर नोटीस द्यावी आणि हरकतीसाठी चौदा दिवसांची मुदत ठेवावी. नोटिशीत वडिलांचे नाव आणि मृत्यूचे साल अवश्य घालावे, कारण काका किंवा आत्या नोटीस वाचतील ते ते नाव पाहून. त्यानंतरच साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, करून नोंदवावे. महाराष्ट्रात पूर्ण मुद्रांक शुल्क साठेखतावरच भरले जाते आणि नंतरचे खरेदीखत नाममात्र मुद्रांकावर होते, त्यामुळे साठेखत न नोंदवता पैसे वाचतील हा एजंटाचा हिशेब चुकीचा आहे.

आज संध्याकाळी विक्रेत्याकडे पाच कागद मागा: २००८ चा मूळ करारनामा, वडिलांचा मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावे असलेले साध्या कागदावरचे लेखी निवेदन, भोगवटापत्राची प्रत आणि भाग दाखला. दोन दिवसांत हे पाचही आले तर पुढचा खर्च, म्हणजे सर्च आणि जाहीर नोटीस, करायला हरकत नाही. वारसांचे निवेदन लिहून द्यायला टाळाटाळ झाली, तर बाकीचे चार कागद कितीही व्यवस्थित असले तरी पन्नास हजारांचा धनादेशही लिहू नये.